दर्शनी बाजू

भाऊजींना कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे प्रदर्शन भरवायचं हे बायकांचं ठरलेलं होतं, पण ते भाऊजींनी भरवावं असं त्यांच्यापैकी एकीनंही, चुकूनसुद्धा, म्हटलं नव्हतं. शनिवारची दुपार होती. बैठकीच्या खोलीत नेहमीप्रमाणे चौघी जणी मांडीवर कापडं घेऊन बसल्या होत्या आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत भाऊजी वर्तमानपत्राआड होते. हॉलचं कोण बघणार, असा विषय निघाला आणि चौघींनी एकदम सुया ओवायला घेतल्या. तेवढ्यात वर्तमानपत्र खाली आलं आणि भाऊजी म्हणाले, ते माझ्याकडे सोडा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

भाऊजी म्हणजे ताईंचे यजमान. ताईंच्या मैत्रिणी त्यांना भाऊजी म्हणायच्या, ते ऐकून सगळी गल्ली म्हणू लागली, आणि आता बँकेतला माणूससुद्धा त्यांना खऱ्या नावानं हाक मारायला कचरतो. नोकरी वजनमापे खात्यात, निरीक्षक म्हणून. त्यांनी दुकानात पाऊल टाकलं की तराजू आपोआप सरळ होतो, अशी त्यांची ख्याती होती. निदान घरात तरी ती त्यांनी स्वतः पसरवलेली होती. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही. मग ते दूधवाल्याचं माप तपासू लागले, गॅलरीचा कठडा समतल आहे का ते पाणसळ लावून बघू लागले, आणि घरातले सगळे फोटो एका रेषेत आणण्याच्या खटपटीत त्यांनी भिंतीची पार चाळण करून टाकली.

शनिवारची ही बैठक सुरू झाली तेव्हा ताईंची लेक पाळण्यात होती. आजूबाजूच्या बायका फाटकंतुटकं शिवायला म्हणून जमायच्या. रेडिओ लावलेला असायचा. पोरं कापडांच्या ढिगाखाली लपायची, कधी तिथंच झोपून जायची, आणि निघताना एखादीला आपलं पोर शोधायला अख्खा ढीग उपसावा लागायचा. इतक्या जणी यायच्या की चपलांची रांग जिना उतरून खाली जायची. पुढे कुणी नवऱ्याच्या बदलीबरोबर गेली, कुणी नातवंडं सांभाळायला गेली, कुणी कायमचीच गेली. आता चौघी उरल्या होत्या आणि चपला दारातल्या पायपुसण्यावर मावत होत्या. ताई अजूनही चहाचं आधण जरा जास्तच ठेवायच्या. सवय जाता जात नाही.

पण उरलेल्या चौघींचं काम फाटकंतुटकं सोडून फार लांब पोचलं होतं. हेडबाई, म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, जुन्या गणवेशांच्या कापडावर मुलांनी दिलेल्या सबबी भरत. एकाच मुलाची एकच आजी पाच वेळा वारलेली, आणि प्रत्येक वेळी साखळी टाक्यात. दातांच्या डॉक्टरीणबाई लाल मखमलीवर दातांच्या कवळ्या भरत. किडलेला दात काळ्या गाठींनी असा काही उठवत की बघणाऱ्याची जीभ आपसूक स्वतःच्या दाढेकडे जाई. तिसरी सगळ्यांत लहान, म्हणून तिचं नाव धाकटी. ती वडिलांच्या जुन्या कॅसेटी फोडून आतली फीत विणायची. तिचं कापड हाताला थंड लागायचं आणि हलवलं की कुजबुजायचं. यातली कुठलीही वस्तू अंगावर घालता येत नव्हती, अंथरता येत नव्हती, तिनं भांडंही पुसता येत नव्हतं, आणि भाऊजींना वर्षानुवर्षं हाच प्रश्न पडत आला होता. तो त्यांनी सभ्यपणे गिळलेला होता.

चौथ्या ताई. त्या काय करत ते खुर्चीतून दिसे तेवढंच भाऊजींना माहीत होतं, कारण पुरं झाल्याशिवाय दाखवायचं नाही हा ताईंचा नियम, आणि पुरं झालं की काम सरळ पेटीत. भाऊजींनीही कधी पेटी उघड म्हटलं नाही. माणसानं आपण होऊन दाखवावं, आपण का मागावं, अशी त्यांची जराशी रुसलेली भूमिका होती. नवराबायकोच्या अशा भूमिका खुर्चीच्या पायांसारख्या असतात, एकदा टेकल्या की हलत नाहीत.

आता मात्र घर सुटणार होतं. दोघंही लेकीकडे राहायला जायची होती, सामान बांधायला काढलं होतं, आणि पुढच्या महिन्यापासून शनिवार नुसता शनिवार राहणार होता. म्हणून प्रदर्शन. ताईंनी आयुष्यात नवऱ्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं. त्या रात्री भांडी आवरता आवरता एवढंच म्हणाल्या, "एकदा सगळी कामं बाहेर उजेडात, नीट लागलेली बघायचीत मला. मग पेटीत गेली तरी चालतील." भाऊजींनी मान हलवली. पण ते वाक्य त्यांनी मनात फार आत ठेवून घेतलं, कारण ताई मागतात तेव्हा ते खरंच हवं असतं हे त्यांना ठाऊक होतं.

पहिली ठेच हॉलच्या कचेरीतच लागली. तिथल्या साहेबांपुढच्या अर्जात चारच रकाने होते: लग्न, सभा, विक्री, शिबिर. भाऊजींनी सांगितलं, प्रदर्शन आहे, कापडाचं. मग विक्री, साहेब म्हणाले. भाऊजी म्हणाले, विकायचं काही नाही. साहेबांनी पेन खाली ठेवून चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, मग दाखवायचं कशाला? हा प्रश्न भाऊजींचा स्वतःचा होता, घरचा होता, त्यांनी तो इतकी वर्षं जपलेला होता. पण परक्याच्या तोंडून ऐकताच त्यांची कानशिलं तापली. ते तावातावानं बोलू लागले. टाका म्हणजे काय, त्यात माणसाचा वेळ कसा गुंतलेला असतो, एकेका कापडात एकेक आयुष्य कसं असतं. असं बरंच काही ते बोलले आणि बोलता बोलता त्यांनाच ते थोडंसं पटलं. साहेबांना काही पटलं नाही. त्यांनी शांतपणे शिबिराच्या रकान्यात खूण केली आणि शिबिराला डॉक्टरची सही लागते असं सांगितलं. भाऊजी डॉक्टरीणबाईंची सही घेऊन आले. दातांच्या का असेनात, डॉक्टर त्या डॉक्टर.

मग भिंती. भिंतींना नुकताच रंग दिलेला, तेव्हा खिळा ठोकायचा नाही. चिकटपट्टी लावायची नाही. भिंतीकडे फार वेळ बघायचंही नाही, असं साहेब म्हणाले नाहीत एवढंच. त्यानंतर अग्निशमनवाले आले. कापड म्हणजे पेटणारी वस्तू, ती भिंतीपासून आणि दिव्यांपासून हातभर लांब हवी, असा त्यांनी हुकूम सोडला. म्हणजे टांगायचं, पण भिंतीला नाही. इकडे आड, तिकडे विहीर. पण अशा अडचणीतच भाऊजींमधला निरीक्षक जागा व्हायचा. त्यांनी खांबाला खांब बांधले, भिंतीपासून बरोबर हातभर अंतरावर दोऱ्या ताणल्या, ओळंबा सोडला, पाणसळ लावली, आणि कपडे वाळत घालायचे चिमटे पिशवीभर आणले. दोरीला एका बोटाचाही झोल नव्हता. साहेब येऊन बघून गेले आणि म्हणाले, वाळत घालायची सोय छान झाली आहे.

सल्ल्यांचा पाऊस वेगळाच. वरच्या मजल्यावरचे वकील रोज संध्याकाळी जिन्यात गाठायचे. त्यांच्या मते प्रदर्शनात तीनच गोष्टी महत्त्वाच्या: फीत, पाहुणा आणि जाहिरात. पाहुणे म्हणून ते स्वतः यायला तयार होते, इतकंच नव्हे तर त्यांनी भाषण लिहूनही ठेवलं होतं. जाहिरातीचा फलक भाऊजींनी स्वतः करवून घेतला. छापखान्यातल्या माणसानं विचारलं, चित्र काय टाकू? भाऊजींनी विचार केला. सुई एवढीशी, लांबून कुणाला दिसणार? म्हणून त्यांनी शिलाईमशीन टाकायला सांगितलं. चौघींपैकी एकीनंही कामाला मशीन लावलेलं नव्हतं. हेडबाईंनी फलक पाहिला आणि शाळेत एखाद्या पोराला वर्गाबाहेर काढताना बघत तसं भाऊजींकडे बघितलं.

आदल्या दिवशी दुपारी कामं लावायची होती. त्यावर साहेबांनी शेवटचा नियम काढला. आदल्या दिवशी हॉलमध्ये अर्जदारालाच प्रवेश. अर्जदार भाऊजी. चौघी दारातच थांबल्या. प्रत्येकीनं आपली कामं मऊ कापडात गुंडाळून भाऊजींच्या हाती दिली, आणि पोर पहिल्यांदा बालवाडीत सोडताना देतात तशा सूचना दिल्या. सर्वांत लांब सूचना हेडबाईंची. त्या म्हणाल्या, "भाऊजी, एक लक्षात ठेवा. दुसऱ्याच्या कामाची मागची बाजू न विचारता बघायची नसते. ते म्हणजे दुसऱ्याचं कपाट उघडण्यासारखं आहे. आमच्यात ते फार वाईट समजतात." भाऊजी म्हणाले, बाई, मी सभ्य गृहस्थ आहे.

आणि घोटाळा झाला तो याच सभ्यपणापायी. भाऊजींनी पहिली गुंडाळी उलगडली. एका बाजूच्या कोपऱ्यात छोटी पट्टी शिवलेली होती, तीवर कामाचं नाव आणि करणारीचं नाव. उभ्या नोकरीत भाऊजींनी जेवढे तराजू तपासले, जेवढ्या मापांवर शिक्का उठवला, त्या सगळ्यांवर नाव समोर असे. नाव जिकडे, ती दर्शनी बाजू. हे त्यांच्या हाडात भिनलेलं. म्हणून पट्टी समोर ठेवून ते चिमटे लावत गेले, आणि दुसरी बाजू चुकूनही दिसू नये म्हणून मान वळवून लावत गेले. हेडबाईंच्या कामांना या बाजूनं पांढरं शुभ्र अस्तर होतं. कोरं कापड आणि कोपऱ्यात नाव. भाऊजी जरा थबकले, पण हल्लीच्या कलेत असं असतं हे त्यांनी वाचलेलं होतं. सबबी भरता भरता बाई शेवटी निःशब्द झाल्या असाव्यात, असा अर्थ त्यांनी लावला आणि तो त्यांना फार खोल वाटला.

शेवटी ताईंची कामं. ती उलगडताना मात्र त्यांचा हात अडखळला नाही, कारण ती त्यांच्या ओळखीची होती. ताई भरतकामाची रिंग उभी धरून भरत, भाऊजी समोरच्या खुर्चीत. त्यांना दिसायची ती हीच बाजू. मध्ये करड्या दोऱ्यांचा एक मोठा उंचवटा, खाली पसरलेला, वर निमुळता, आणि माथ्यावर आधी काळं, पुढे पुढे पांढरट काहीतरी. डोंगर. आमची ही डोंगर भरते, असं ते आपल्या खात्यातसुद्धा सांगत आले होते. अलीकडच्या कामांत डोंगराच्या माथ्यावरचं बर्फ वाढत चाललंय हेही त्यांच्या लक्षात आलेलं होतं. त्यांनी सगळे डोंगर एका रेषेत लावले, मागे सरून पाहिलं, आणि त्यांना एकदम भरून आलं. ताईंनी मागितलं तसं सगळं उजेडात आणि नीट लागलं होतं. इतकं सरळ काम त्यांनी उभ्या नोकरीत केलं नव्हतं. घरी जाऊन ते ताईंना एवढंच म्हणाले की उद्या बघशील.

सकाळी हॉलच्या दारासमोर बरीच गर्दी होती. भाऊजी हरखले. मग जवळ गेल्यावर दिसलं की निम्म्या लोकांच्या हातात पिशव्या आहेत. फलकावरचं मशीन बघून एक गृहस्थ पँटची उंची कमी करायला घेऊन आले होते, एका बाईंच्या पिशवीची चेन बिघडली होती. उरलेल्यांपैकी काही जण हॉलबाहेरच्या पाटीवर शिबिर आणि खाली दातांच्या डॉक्टरांचं नाव वाचून आले होते. एका आजोबांनी तर भाऊजींनाच डॉक्टर समजून आ केला. भाऊजींनीही गडबडीत आत डोकावून पाहिलं.

त्यातून फीत कापायला कात्री मिळेना. चौघींच्या चार पर्समध्ये चार कात्र्या होत्या, पण फीत निघाली कागदी, आणि कापडाच्या कात्रीनं कागद कापू देणं म्हणजे तिची धार आणि आपलं नशीब दोन्ही घालवणं. एकीनंही पर्स उघडली नाही. पाहुणे म्हणून आलेले वकील हात पुढे करून ताटकळले. शेवटी त्यांनी फितीची गाठ नखानं सोडवायचा प्रयत्न केला, ती सुटेना, तेव्हा ते वाकून फितीखालून आत गेले. त्यांच्यामागून सगळेच वाकून आत गेले. उद्घाटन झालं.

हेडबाई आपल्या कामांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. कोऱ्या अस्तरांची रांग, आणि तिच्यासमोर एक गृहस्थ हात पाठीमागे बांधून मान तिरपी करून उभे. किती संयम आहे या कामात, असं ते हेडबाईंना म्हणाले. डॉक्टरीणबाईंच्या मखमलीची मागची बाजू अशी दिसत होती की जणू सगळे दात एका बैठकीत उपटलेत. आ करून आलेल्या आजोबांनी ते पाहिलं, तोंड मिटलं आणि काढता पाय घेतला. धाकटीच्या विणकामाला मागची-पुढची बाजू सारखीच, त्यामुळे तिला तेवढी हसायला फुरसत होती. ती हसता हसता जमिनीवरच बसली.

"भाऊजी," हेडबाई म्हणाल्या, "तुम्ही आम्हा सगळ्यांना पाठमोरं टांगलंत."

भाऊजींनी नाव आणि दर्शनी बाजू यांविषयीचा खात्याचा नियम सांगायला सुरुवात केली. पण ते बोलत होते तेव्हा त्यांची नजर ताईंना शोधत होती. ताई हॉलच्या पलीकडच्या टोकाला आपल्या रांगेपुढे उभ्या होत्या, पर्स छातीशी धरून.   साहेबांनी टोचून बोललेलं, वकिलांचे सल्ले, हेडबाईंचा तो बघणारा डोळा, हे सगळं भाऊजींना चाललं असतं. हिनं एकच गोष्ट मागितली होती आणि नेमकी तीच आपण उलटी टांगली, याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की हातातला ओळंबा कुठे ठेवावा तेही सुचेना. बायकांनी आणि पँटवाल्या गृहस्थांनी मिळून बाकीची कामं उलटायला घेतली. भाऊजी ताईंजवळ गेले.

"पुढून एकही पाहिलं नाहीत?" ताईंनी विचारलं.

भाऊजी म्हणाले, न विचारता दुसरी बाजू बघायची नाही असं बाईंनी बजावलं होतं. आणि मला तर हीच बाजू पुढची वाटली. खुर्चीतून मला हीच दिसते. असं म्हणून, काहीतरी बाजू सावरावी म्हणून, ते एकेक काम दाखवू लागले. इथं निळा दोरा मध्येच करडा झालाय, बघ. कोपऱ्यावरचं दोऱ्यांचं दुकान बंद झालं त्या आठवड्यात. ही मोठी गाठ म्हणजे लेकीचा तिकडून पहिला फोन आला ना, तेव्हा तू टाका अर्धा सोडून उठलीस आणि परत येऊन ओढून गाठ मारलीस. आणि इथं टाके असे दाटीवाटीनं आहेत, तेव्हा तू माझ्याशी आठवडाभर बोलत नव्हतीस. त्या शनिवारी सुई कापडातून जाताना आवाज येत होता.

ताई बघतच राहिल्या. त्यांना वाटत आलं होतं की त्या कोपऱ्यात एक वर्तमानपत्र बसलेलं असतं.

"तुम्ही वाचत होतात ना?"

"वाचत होतो. पण पेपरात असं किती असतं?" भाऊजी म्हणाले. मग घसा साफ करून पुढे म्हणाले, "तुझे डोंगर मला आवडतात. कधी बोललो नाही."

"डोंगर?" ताईंनी विचारलं, आणि त्या दिवसातलं पहिलं हसू त्यांच्या तोंडावर आलं. त्यांनी भाऊजींच्या कोपराला धरलं. "या जरा पलीकडे."

दोरी भिंतीपासून हातभर लांब होती. त्या बोळातून भाऊजी आडवे होऊन आत शिरले आणि समोर बघून थांबले. डोंगर नव्हताच. खुर्ची होती आणि खुर्चीत ते स्वतः होते. पहिल्या कामात डोक्यावर काळेभोर केस, पोटावर पालथी झोपलेली एवढीशी लेक, आणि दोघांवर छपरासारखं पसरलेलं वर्तमानपत्र. पुढच्यात लेक नव्हती, केस होते. त्याच्या पुढच्यात चष्मा आला. मग केस पांढरे होत गेले, भांग मागे मागे सरकत गेला, बनियनला भोक पडलं आणि तेही काळजीपूर्वक भरलेलं, बारीक टाक्यांनी काठ काढून. आणि जिथे तिथे भाऊजी झोपलेले. मान कलंडलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तोंड उघडं. उघड्या तोंडात ताईंनी रेशमी दोरा वापरला होता, त्यामुळे ते ओलसर चमकत होतं. इतकी वर्षं शनिवारी दुपारी त्या चौघी कापडावरून वर बघत आणि पुन्हा खाली बघून गालात हसत, ते कशाला, हे भाऊजींना आत्ता कळलं.

ते पुन्हा पहिल्या कामापाशी आले. पहिल्या कामातल्या लेकीच्या मुठीत त्यांच्या सदऱ्याचं बटण होतं. ते बटण ती झोपेत धरून ठेवायची आणि तिला उचलायचं म्हणजे आधी मूठ सोडवावी लागायची. हे ते विसरून गेले होते. ती खोली, तो रेडिओ, कापडाखालची पोरं, जिन्यावरून उतरणाऱ्या चपला, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. आणि आता थोड्याच दिवसांत त्या खोलीला कुलूप लागणार होतं. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला. मग चष्म्याखालचंही पुसलं.

पण निरीक्षक तो निरीक्षकच. दुसऱ्या बाजूला अख्खं गाव उभं होतं. ज्यांचे तराजू त्यांनी जप्त केले ते दुकानदार होते, हॉलचे साहेब होते, आणि भाषणाचा कागद हातात घेऊन वकील तर होतेच. या सगळ्यांपुढे तोंड उघडं टाकून झोपलेले, भोकाच्या बनियनमधले भाऊजी, एकामागून एक, पाणसळ लावून एका रेषेत. त्यांच्या चेहऱ्यावरचं ताईंनी ओळखलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "राहू देत आहेत तशीच. मला तरी कुठे धीर होता? म्हणून तर पेटीत ठेवत होते. डोंगर म्हणूनच राहू देत. तुम्हाला लोक हसतील."

हे त्या मनापासून म्हणाल्या, आणि त्यांनी पर्स खांद्याला अडकवून निघायची तयारीही केली. भाऊजींनी एकदा दोरीच्या या बाजूला पाहिलं, एकदा त्या बाजूला. मग त्यांनी हात वर करून पहिला चिमटा काढला.

"हसू देत," ते म्हणाले. "तू ते टोक धर. झोल पडता कामा नये."

दोघांनी मिळून एकेक काम फिरवलं. लोक हसले. मुळीच आडपडदा न ठेवता हसले. एका दुकानदारानं तर शेजारच्याला बोलावून दाखवलं. वकील म्हणाले की न्यायालयात हा पुरावा म्हणून चालेल. भाऊजींचे कान लाल झाले, पण त्यांचा हात थांबला नाही, आणि प्रत्येक काम सरळ आहे की नाही ते मागे सरून बघायलाही ते विसरले नाहीत. पहिल्या कामासमोर मात्र हसणारी माणसं गप्प होत होती. एक बाई तिथं इतका वेळ उभ्या राहिल्या की चेन बिघडलेली त्यांची पिशवी त्या तिथंच विसरून गेल्या.

फिरवता फिरवता शेवटचं काम हाती आलं. त्यात खुर्ची होती, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला टॉवेल होता, आणि बाकी कापड कोरं. भाऊजींनी विचारलं, हे असं का?

"तुम्ही नव्हता ना," ताई म्हणाल्या. "हे सगळे शनिवार हॉलच्या चकरा मारत होतात. आता राहिलं ते राहिलं. घरचं सामान तर बांधूनच झालंय."

 भाऊजींनी कोपऱ्यातली हॉलची लोखंडी खुर्ची उचलली, खिडकीजवळ उजेडात आणून ठेवली, तिचा एक पाय तोकडा होता म्हणून त्याखाली वकिलांच्या हातातला भाषणाचा कागद घेऊन घडी करून सरकवला, आणि समोर ताईंसाठी दुसरी खुर्ची मांडली. मग ते बसले. हातात पेपर नव्हता, तेव्हा हात कुठे ठेवायचे ते कळेना. ते त्यांनी मांडीवर ठेवले. ताईंनी इकडेतिकडे पाहिलं. मग चिमटे काढून कापड मांडीवर घेतलं, पर्समधून रिंग आणि सुई काढली, आणि खिडकीच्या उजेडात दोरा ओवायला लागल्या. दोन वेळा चुकला. भाऊजींनी मदतीला हात पुढे केला नाही, कारण हलायचं नव्हतं.

"तोंड मिटून बसलात तर मला तुम्ही ओळखू येणार नाही," ताई म्हणाल्या.

भाऊजींनी सगळ्या गावासमोर, साहेबांसमोर, दुकानदारांसमोर, मान एका बाजूला कलंडू दिली, चष्मा नाकाच्या शेंड्यापर्यंत घसरू दिला आणि तोंड उघडलं. डोळे मात्र त्यांनी मिटले नाहीत. ताई कापडावरून वर बघत, पुन्हा खाली बघत, आणि दर वेळी वर बघितलं की ते बघत असलेले दिसत. लोक येत, भिंतीकडल्या कामांकडे बघत, मग खुर्चीकडे बघत आणि आवाज न करता पुढे सरकत. भाऊजींच्या नाकाला खाज सुटली होती. ती त्यांनी तशीच सोसली.